बेंबीपर्यंत आलेली माळ

लढाईची वर्षं होती. आमचं सासर धरणगावापासून दोन कोसांवर. कपाशीची वेचणी ऐन भरात आली आणि माझ्या मोठ्या जावेला कावीळ झाली. तिला मी अक्का म्हणायचे. सातवा महिना होता तिचा. डोळे पिवळे, नखं पिवळी, आणि भाकरीचा वास आला तरी उमळून यायचं.

कावीळ म्हटली की आमच्याकडे डॉक्टरचं नाव कुणी काढत नसे. शेजारच्या गावचा एक म्हातारा माळ द्यायचा. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफलेले. ती माळ आधी डोक्यावर ठेवायची. मुळ्या सुकतात, गाठी सैल होतात आणि माळ वाढत वाढत गळ्यात, छातीवर, पोटावर येते. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. जाताना म्हातारा बजावून गेला, की माळ बेंबीखाली येईपर्यंत डॉक्टरचं औषध पोटात जाता कामा नये आणि बाईनं गावाची शीव ओलांडायची नाही.

माझे वडील धुळ्याला एका दवाखान्यात कंपाउंडर. पोटुशी बाईची कावीळ घरात ठेवू नये, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी सासूबाईंना म्हटलं, जळगावला डॉक्टरीणबाई आहेत, बाईनं बाईला दाखवायचं, त्यात लाज कसली? सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण ऐकेनात. माळ उतरू दे, मग म्हणशील तिथे नेऊ, म्हणाल्या. धाकट्या सुनेचं कोण ऐकतंय!

मग मी माझी अक्कल पाजळली. अक्काची वेणी रोज दुपारी मीच घालायचे. बाकी सगळ्या बायका वेचणीला गेलेल्या असायच्या. अक्का डोळे मिटून बसायची आणि मी वेणी घालता घालता माळेच्या गाठी नखानं सैल करायचे. रोज दोन-चार. माळ लवकर बेंबीखाली आली की शीव मोकळी, बैल जुंपायचे आणि धरणगावाहून जळगावची आगगाडी धरायची, असा माझा बेत.

माळ भराभर उतरली. पाचव्या दिवशी ती बेंबीखाली आलेली बघून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी देवापुढे गूळ ठेवला, गल्लीत वाटला. मी जळगावचं नाव काढलं, तर हसल्या. बऱ्या झालेल्या बाईला कुणी दवाखान्यात नेतं का, म्हणाल्या.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. माळेला हात लावला म्हणून कायमची माहेरी धाडतील, या भीतीनं गप्प बसले. आज सांगायला लाज वाटते, पण अक्काच्या जिवापेक्षा मला माझा संसार मोठा वाटला. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का बरळायला लागली, माणूस ओळखेना. तेव्हा बैल जुंपले. जळगावला डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि इतके दिवस काय करत होता, म्हणून विचारलं. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "माळ बेंबीलगून उतरनी व्हती, बाई. आमले वाटनं, बरी व्हयनी."

मी त्यांच्या मागेच उभी होते. तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली, पोटातल्या लेकरासकट.

त्यानंतर सासूबाईंनी त्या म्हाताऱ्याला दारात उभं केलं नाही. गावात कुठल्या सुनेचे डोळे पिवळे झाल्याचं कळलं, की स्वतः तिच्या घरी जाऊन बसायच्या. माझ्या सुनेची माळ बेंबीखाली आली तरी ती गेली, तुम्ही माळेच्या नादी लागू नका, जळगाव गाठा, असं सांगत राहायच्या. त्यांचं ऐकून काही जणी वेळेवर गेल्या. सगळ्याच नाही, पण काही धडधाकट परत आल्या. त्यातल्या एकीनं तान्ही मुलगी आणून सासूबाईंच्या पायावर घातली.

त्या दिवशी सगळं सांगून टाकायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. सासूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं, तिची टाळू चाचपली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मनी सून गई, पन हिले वाचाडी गई."

मी आत गेले आणि आलेल्या बाईसाठी चहा ठेवला.