ग्रहणातली कात्री आणि हृदयाची नळी

“व्हेंट्रिक्युलर सेप्टल डिफेक्ट,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवणारा त्यांचा हात थांबला. म्हणजे बाळाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. मला विसावा आठवडा होता. ऐकल्याबरोबर मला आठवली ती कात्री.

तीन आठवड्यांपूर्वी ग्रहण होतं. आमच्याकडे गरोदर बाईनं ग्रहणात काही कापायचं नाही, शिवायचं नाही, सुटेपर्यंत पडून राहायचं, नाहीतर बाळात खोट राहते म्हणतात. मी मुकुंदवाडीत ब्लाऊज शिवते. एका नवरीचे दोन ब्लाऊज राहिले होते. सासूबाई देवळात जाताना बजावून गेल्या, “जागची हलू नकोस.” त्या वळणावरून दिसेनाशा झाल्या आणि मी कापड पसरलं. दोन्ही ब्लाऊज बेतले, कापले, चिंध्या गादीखाली सारल्या आणि शहाण्यासारखी डोळे मिटून पडले.

आता भोक निघालं होतं. आठ दिवस मी पोटावर हात ठेवून माफी मागत होते. ह्यांनाही कात्रीचं काही सांगितलं नाही. तोंड उघडायची भीतीच वाटत होती.

मग उस्मानपुऱ्यात फीटल इको झाला, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी. बाहेरच्या बाकावर दोन तास गेले. सासूबाई हट्टानं सोबत आल्या होत्या. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, भोक लहान आहे, स्नायूच्या भागात आहे, जन्मानंतर आपोआप बुजू शकतं. नाही बुजलं तर पुढचं बघू.

एवढ्यानं माझं समाधान होईना. खोदून विचारायची खोड मला पहिल्यापासून आहे. म्हटलं, “पण हृदय तयार होतं कसं?”

डॉक्टर खूश झाले. कागदावर त्यांनी एक सरळ नळी काढली. सुरुवातीला हृदय असंच असतं, म्हणाले. हीच वळते, तिचे कप्पे पडतात, मग मधे पडदा वाढतो. तिला वळवतं कोण? तर प्रत्येक पेशीच्या आत बारीक धाग्यांची चौकट असते, तिला सायटोस्केलेटन म्हणतात. काही प्रथिनं हे धागे जोडतात, काही तोडतात, काही आवळतात. त्यानं पेशीचा आकार बदलतो, ती सरकते. पुष्कळ पेशी मिळून असं करतात तेव्हा नळी वाकते.

“म्हणजे ब्लाऊजला टक्स घेतो तसं? सपाट कापडाला गोलाई येते?”

“बरंचसं. फक्त इथं शिंपी नाही. पेशी आपल्या आपणच आवळतात.”

“मग भोक का राहिलं?”

“कधी या प्रथिनांच्या जनुकात बदल असतो, कधी दुसरं काही. पुष्कळदा नेमकं सांगता येत नाही.”

आता मला राहवेना. सासूबाईंसमोरच ग्रहण, कात्री, सगळं ओकून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत. “कितव्या आठवड्यात?”

“सतराव्या.”

“हा पडदा तिसऱ्या महिन्याच्या आतच पुरा होतो. तुमची कात्री फार उशिरा पोचली.”

मला रडू फुटलं. सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या पदरानं डोळे पुसत डॉक्टरांना विचारत होत्या, “म्हंजी मी हिला एकटी टाकून देवळात गेले, त्यानं बी झालं नाय?”

“नाही, आजी.”

“मला वाटलं, म्याच खोट केली. आठ दिस घास उतरंना, बाबा.”

एकाच घरात आम्ही दोघी आठ दिवस आपापला गुन्हा लपवून बसलो होतो.

मुलगी आता सव्वा वर्षाची आहे. मागच्या इकोत भोक दिसलं नाही. तुमच्या बाळाचंही बुजेलच असं मी म्हणणार नाही. काहींना ऑपरेशन लागतं. पण अशा बाकावर बसून आपण काय खाल्लं, काय कापलं, याची उजळणी करत असाल तर डॉक्टरांना सरळ विचारा. मनातलं सांगा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यांनी मला हिशेब मांडून दाखवला. नळी वळायला लागते ती सहाव्या आठवड्याच्या आसपास. मला दिवस गेल्याचं कळलं सातव्यात. म्हणजे मी बाजारात अस्तराचे रंग जुळवत फिरत होते, पोटात ती आहे याचा मला पत्ताही नव्हता, आणि माझी वाट न बघता तिनं ठोका धरला होता.