वाचनालयातलं वाण

"मॅडम, उद्याच्याले तुमच्या शाळेच्या सतरंज्या लागतीन. झटकून पाठवजा, मागच्या टायमाले बायांच्या लुगड्याले सारा खडू लागलता," असं शाळेच्या दारातूनच बजावून मंदा गेली. मधली सुट्टी संपत आली होती. पुढचा तास अर्धाही झाला नसेल, तेवढ्यात आमचे शिपाई वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "वाचनालयाच्या मंदाताई गेल्या, मॅडम. घरी चक्कर आली अन् पडल्या... डॉक्टर येईपर्यंत संपलंच सारं." मी त्यांच्यावर चक्क ओरडले. असली थट्टा करायची असते का, आत्ता तर ती इथून गेली, तुमच्यासमोरूनच गेली ना! त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग वर्गातली मुलं एकदम गप्प झाली. एरवी घसा कोरडा करून सांगितलं तरी गप्प न बसणारी ती मुलं... त्यांच्याकडे बघून मला कळलं की हे खरं आहे.

कळलं म्हणते, पण आज इतके आठवडे झाले तरी ते पटलेलं मात्र नाही. तिच्या घरी गेले तर अंगणात बायाच बाया. जी ती एकमेकीला सांगत होती की सवाष्ण गेली, भरल्या कपाळानं गेली, नशिबाची. मला संताप आला. पन्नाशीसुद्धा न गाठलेली, सकाळी स्वयंपाक करून, डोक्यावरून न्हाऊन, सतरंज्यांची चौकशी करून घरी गेलेली बाई अशी उभ्या उभ्या जाते, त्यात नशीब कसलं? मी तसं बोललेही असते, पण मंदाचे यजमान भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या हातात तिची चष्म्याची डबी होती. ती ते उघडत होते, मिटत होते.

मंदाची नि माझी ओळख नव्वद-एक्क्याण्णव सालची. वडनेरच्या बाजारापासून फार लांब नसलेल्या या गावात मी नुकतीच बदलून आले होते आणि ती गावातल्या किराणा दुकानदाराच्या घरची सून होती. वर्ध्याला जाऊन तिने ग्रंथपालाचा लहान अभ्यासक्रम पुरा केला आणि ग्रामपंचायतीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत जे वाचनालय होतं, तिथे ती रुजू झाली. आपल्याकडे नावापुढे 'सार्वजनिक' आणि 'मोफत' असं लिहिलेलं असलं की लोकांना वाटतं, आता कुणाला अडवायचं राहिलंच नाही. इथेही पेपर फुकट वाचायला मिळत, रविवारी मुलांना गोष्टी सांगत, परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी एक टेबल राखून ठेवलेलं होतं, चौदा एप्रिलला आणि दोन ऑक्टोबरला भाषणं होत. फक्त बाई म्हणून तिथे एकटी मंदा. बाकी सगळं पुरुषांचं राज्य. माझी आणि तिची गट्टी जमली ती इथेच, कारण पुस्तक बदलायला जाणारी गावातली दुसरी बाई मी. एक दिवस ती मला म्हणाली, "मॅडम, दारावर तं कोणी बसलं नाई लाठी घेऊन. मंग बाया काऊन येत नाईत?" मी शाळामास्तरणीच्या थाटात साक्षरता, सामाजिक दडपण वगैरे बरंच काही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तसं नाई. त्यायले कोणी बलावलंच नाई. बाई बलावल्याबिगर कोठी जात नसते."

म्हणून तिने बोलावलं. संक्रांतीचं हळदीकुंकू वाचनालयात ठेवलं. घरोघर जाऊन आमंत्रणं केली, अंगणवाडीच्या चंद्रकलाबाईंकडेही गेली. चंद्रकलाबाई बौद्ध. त्या स्पष्ट म्हणाल्या, "आमी हळदीकुंकू करत नाई, मंदाताई. राग नोको मानू. जयंतीले बलाव, सारा मोहल्ला घेऊन येतो." मंदा म्हणाली, जयंतीला तर याच, पण आत्ताही या. आणि परत येऊन तिने फळ्यावरचं 'हळदीकुंकू' पुसलं, त्याजागी 'तिळगूळ आणि वाण' लिहिलं. कुंकू ज्याचं त्याच्या घरी, असं तिचं म्हणणं. कुंकू गेलं तसा विधवांना बोलावण्यातला अडसरही गेला. कुणी कुरकुर केली तर ती म्हणायची, वाचनालय सार्वजनिक आहे, माझ्या सासऱ्याचं नाही. तिचे सासरे तेव्हा हयात होते आणि हे ऐकत असत, पण सुनेपुढे त्यांचं काही चालत नसे.

पत्र्याच्या त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा उरली नाही इतक्या बाया आल्या. मंदाने प्रत्येकीला वाण म्हणून वाचनालयातलं एकेक पुस्तक दिलं. तिचा हिशेब सरळ होता. पंधरा दिवसांनी बाई पुस्तक परत करायला येईल, त्या निमित्ताने दुसरं नेईल, मग तिसरं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, एकही पुस्तक परत आलं नाही! शेवटी ती एका घरी चौकशीला गेली. तिथे तिचं पुस्तक देवघरात होतं. मोटारपंप दुरुस्तीचं पुस्तक, मुखपृष्ठावर पंपाचं चित्र, आणि त्या पंपाला हळद-कुंकवाची बोटं लावलेली. घरधनीण म्हणाली, "परत? अवो, वाण हाय ते! वाण कोणी परत करते का? अवदसा येईन न घरात!" मंदा माझ्याकडे आली ती हसत हसतच आली, आणि खुर्चीत बसल्यावर रडायला लागली. मार्चमध्ये तपासणीला साहेब येणार होते. पुस्तकं जागेवर नसती तर अनुदान अडलं असतं आणि तिची नोकरीही गेली असती. वाचनालयाच्या अध्यक्षांनी तर तिला सुनावलंच होतं, "बायकांच्या हाती दिली तेव्हाच पुस्तकं गेली, आता घरोघर जाऊन वसुली करा." दिलेलं वाण माघारी मागायला मंदाची जीभ रेटत नव्हती. तीही याच गावची बाई होती ना!

पण वाणाची आणखी एक रीत असते आणि ती सगळ्या बायांना ठाऊक असते, फक्त कुणी कबूल करत नाही. गेल्या साली आपल्याला मिळालेली चहाची गाळणी आपण यंदा दुसरीला वाण म्हणून देतो, ती तिसरीला देते, आणि दोन-चार वर्षांनी तीच गाळणी फिरून आपल्याच घरी येते. वाण परत करता येत नाही, पण लुटता येतं. "गाळणी फिरते तं पुस्तक काऊन नाई फिरन?" मंदा म्हणाली. तिने पुन्हा आमंत्रणं केली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी आपापलं वाण घेऊन वाचनालयात यायचं आणि दुसरीला लुटायचं. संक्रांत सरली तर सरली, वाचनालयात बारा महिने संक्रांत. अट एकच. पुस्तकात काय आहे ते चार बायांपुढे सांगितल्याशिवाय वाण लुटता येणार नाही. झालं! ज्यांना वाचता येत होतं त्या वाचू लागल्या, ज्यांना येत नव्हतं त्या लेकीसुनांना चुलीपाशी बसवून वाचून घेऊ लागल्या. ज्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं त्या ऐनवेळी जे ठोकून देत, ते कधीकधी मूळ पुस्तकापेक्षा सरस असे. मार्चमध्ये साहेब आले तेव्हा गोल करून बसलेल्या बायांच्या मांडीवर सगळी पुस्तकं हजर होती. त्यांनी ती तिथेच मोजली. पुढे वाचनालयाचा सरकारी दर्जा वाढला, बायांसाठी नवी खोली झाली, पण शनिवार तसाच राहिला. पंधराएक वर्षं.

एक दुःख मात्र तिला होतं आणि ते ती कुणापुढे उगाळत नसे. तिची आई. जामच्या पुढच्या एका खेड्यातली, ऐन तारुण्यात विधवा झालेली. दर संक्रांतीला म्हातारी एसटीने जामला उतरायची, गाडी बदलायची आणि लेकीकडे यायची. मंदा हाताला धरून तिला वाचनालयात आणायची आणि म्हातारी बाहेर पायरीवर, चपलांशेजारी बसायची. आत मात्र पाऊल टाकायची नाही. "मी हात लावला तं बायांचं वाण बाटन, माय. मी अठीच बरी." मंदाने समजावलं, चिडून पाहिलं, एका वर्षी तर दोन दिवस आईशी बोलली नाही. गावातल्या कितीतरी विधवा तोवर आत बसून मोठ्याने हसायला लागल्या होत्या. "साऱ्या गावाच्या बाया आत आल्या, मॅडम, अन् माही मायच बाहीर," ती मला म्हणायची. "ती आत आली न, तं मी समजन का हे वाचनालय सार्वजनिक झालं."

आणि ती गेली. संक्रांत तोंडावर आलेली असताना गेली. गेली काही वर्षं मी वाचनालयाची सचिव, म्हणून मी ठरवलं की तिचा शनिवार मोडू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशीचा हुकलाच, पण तेरवी झाल्यावर लगेच पुढच्या शनिवारचा बायांना निरोप पाठवला. एकीनेही पुस्तक आणलं नाही. ज्या आल्या त्या रिकाम्या हाताने आल्या आणि म्हणाल्या, "घरचं माणूस गेलं, मॅडम. वरीसभर सण नाई. वाण कसं लुटाव?" मी हादरले. म्हणजे पुस्तकं वर्षभर ज्या घरात आहेत त्याच घरात अडकून पडणार! परत करता येत नाहीत आणि लुटायची नाहीत. तिच्यावरच्या मायेपायीच तिचं वाचनालय बंद पडणार, हे मी त्यांना ओरडून सांगितलं. सगळ्या रडल्या, पण एकीचाही निर्णय हलला नाही. चंद्रकलाबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, तुमच्यात तर हे दुखवट्याचं नाही, तुम्ही तरी सुरुवात करा. त्या म्हणाल्या, "आमच्यात नाई, खरं हाय. पण ह्या साऱ्या रडून राह्यल्या अन् मी एकटीनं वाण लुटू का? माह्याच्यानं नाई होत." संक्रांतीचा दिवस तसाच गेला. वाचनालयाच्या समितीत कुजबुज सुरू झाली, की शनिवार बंदच पडला असेल तर बायांची खोली कशाला अडवून ठेवायची. मी घरी येऊन भिंतीशी भांडायचे. मंदा असती तर तिला काहीतरी रीत सापडली असती. मला एकही सापडत नव्हती.

रथसप्तमीला, म्हणजे वाण लुटायच्या शेवटच्या दिवशी, चंद्रकलाबाई धरून चार-दोन बाया नुसत्याच येऊन बसल्या होत्या. एवढ्यात पायरीवर कुणीतरी चपला काढल्या. पाहते तो मंदाची आई! लेकीची तेरवी आटोपून गावी गेलेली म्हातारी एकटीच एसटीने आली होती. सवयीने ती पायरीवर टेकली. थोडा वेळ बसली. मग उंबऱ्याला हात लावून उठली आणि... आत आली. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. "बसा," ती म्हणाली. "जावयानं सांगतलं मले, तुमी वाण बंद केलं म्हणून. लेक माही गेली न? मंग दुखवटा माहा हाय. मी काढतो. द्या, मले वाण द्या." आणि तिने पदर पसरला.

कुणाकडे पुस्तकच नव्हतं. चंद्रकलाबाईंनी अंगणवाडीची पिशवी चाचपली आणि तिच्यातून एक पातळसं पुस्तक काढलं. त्यांच्याकडे अडकून पडलेलं वाण, शेळीपालनाचं. ते त्या म्हातारीच्या पदरात टाकणार, तर म्हातारीने पदर मागे घेतला. "आंधी सांगा, अंदर काय हाय. माह्या लेकीचा नेम हाय तो."

चंद्रकलाबाई सांगायला लागल्या. गोठा कसा असावा, चारा कोणता, लसी कधी टोचायच्या. पिल्लू झालं की लगेच त्याला आईचा चीक पाजायचा, थंडीवाऱ्यात पोत्यावर ठेवायचं, पहिले काही दिवस आईपासून दूर करायचं नाही... म्हातारी मन लावून ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "अन् पिल्लूच गेलं, तं मंग बकरीनं काय कराव? थे लिवलं हाय का?"

चंद्रकलाबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, पानं चाळली. "नाई, माय," त्या म्हणाल्या. "थे नाई लिवलं."

"बरं," म्हातारी म्हणाली. तिने पदर पसरला, वाण घेतलं, कपाळाला लावलं. घरी नातू आहे, त्याच्याकडून वाचून घेते आणि शेवटच्या शनिवारी येऊन सांगते, असं म्हणाली. मग गोलात जागा बघून सतरंजीवर मांडी घालून बसली. हळूहळू एकेक बाई उठून आपलं पुस्तक आणायला घरी गेली. मी म्हातारीशेजारी बसून राहिले. सारखं दाराकडे बघत होते. वाटत होतं, आत्ता मंदा येईल, आईला आत बसलेली बघेल आणि काय करेल, हसेल की रडेल... किती वर्षं वाट पाहिली होती तिने! आई आत आली होती, आणि ते बघायला मंदा नव्हती.