परबांची तिरपी रेघ

फायबर जोडायला बसण्यापूर्वी शशिकांत परब मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत. मग श्वास रोखत. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूची दोन टोकं त्यांच्या हाताखाली अशी जुळत, की सूक्ष्मदर्शकातही सांधा सापडत नसे. पवईच्या आमच्या प्रयोगशाळेत पाहुणे आले की त्यांच्याच टेबलाभोवती थांबत. डॉक्टरेट माझी होती, लेसर अ‍ॅम्प्लिफायरचं डिझाइन माझं होतं. पहिल्या आठवड्यापासून मला त्यांचा हेवा वाटायचा.

परब भांडुपचे, आयटीआय झालेले तंत्रज्ञ. आमचं यंत्र कांजूरमार्गच्या कचराभूमीवर लेसरचा झोत सोडायचं आणि हवेतल्या धुळीवरून परतलेल्या क्षीण उजेडावरून वारा व मिथेन मोजायचं. झोताला बळ देणारा तो अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या फायबरचं शेवटचं टोक मी ड्रॉइंगमध्ये सरळ कापलेलं दाखवलं होतं.

"साहेब, ह्या टोक तिरपा कापूया," परब म्हणाले. "सरळ टोकार आपटान उजेड परत आत फिरलो तर वाट लागात. परत येणारो उजेड वायट."

"परब, आपलं अख्खं यंत्र परत आलेल्या उजेडावरच चालतं," मी म्हणालो. सगळे हसले. तेही हसले.

"हवेतसून इलेलो तो पावणो. दारातसून फिरलेलो घर जाळता."

मी टोक सरळच कापून घेतलं. पहिल्याच चाचणीत अ‍ॅम्प्लिफायर जळाला. बैठकीत विभागप्रमुखांनी कारण विचारलं. "जोडणी कच्ची होती," मी सांगितलं. परबांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातलं घड्याळ काढून मनगटावर चढवलं. दुसरा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीच बांधला. तो चालला, आणि अभिनंदन माझं झालं.

ते निवृत्त झाल्यावर तिसरा एका नव्या तंत्रज्ञाने माझ्या ड्रॉइंगबरहुकूम बांधला. तो जळाला. मी परबांनी बांधलेल्या दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची पेटी उघडून पाहिली. टोक तिरपं होतं.

परबांना फोन केला. "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलंय ना एकदा. तुमी ऐकूक नाय, म्हणान गपचूप केलंय." मग त्यांनी विचारलं, "मेलो काय तिसरो?"

"मेला."

"मगे आता तरी रेघ तिरपी मारा, साहेब."

त्याच दिवशी मारली. बैठकीत बोललेलं खोटंही विभागप्रमुखांना सांगितलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'बदल सुचवणारा' असा रकाना असतो. तिथे परबांचं नाव लिहिलं. त्याने हेवा गेला नाही. त्या कागदावर माझ्या शेकडो रेघा आहेत. यंत्र चालतं ते परबांच्या एका तिरप्या रेघेवर.