धरणेंद्रनं आवाज चढवला

आमच्या घरात आप्पांना चुकलं म्हणून सांगायची पद्धत नव्हती. आप्पा म्हणजे आमचे वडील, आप्पासो मगदूम, सांगलीच्या पेठेतले हळदीचे व्यापारी. एकदा सगळे मोटारीतून बाहुबलीला दर्शनाला निघालो आणि त्यांनी गाडी तासगावच्या रस्त्याला लावली. अगदी उलट्या बाजूला. आईला, आत्याला, मला, धाकट्या धरणेंद्रला, सगळ्यांना कळलं. सगळे गप्प. द्राक्षांचे मळे दिसायला लागले तेव्हा आप्पा म्हणाले, "मला इकडंच यायचं होतं." मग देवदर्शनाऐवजी आम्ही द्राक्षं खाल्ली.

अशा घरातला मुलगा वैमानिक झाला. मुलाखतीत साहेब लोकांनी त्याचं कौतुक केलं म्हणे, मुलगा फार संस्कारी आहे. संस्कारी म्हणजे तोंड न उघडणारा, हे मी सांगायला नकोच.

सहवैमानिक म्हणून त्याला कॅप्टन लालासाहेब भोईट्यांच्या शेजारी बसवलं. भोईटे फलटणकडचे, उसाच्या घरातले, हवाई दलातून आलेले. गणवेशाची इस्त्री अशी कडक, की माणूस आत आहे की नाही कळू नये. मराठी माणूस समोर आला तरी कामावर इंग्रजीच बोलायचे. धरणेंद्रला ते 'हळद्या' म्हणत, आणि त्यानं त्यांची बॅग उचलून विमानापर्यंत न्यायची, हा शिरस्ता. विमानात विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा दुसरा. आमचा भाऊ दोन्ही पाळायचा. घरी सराव झालेलाच होता.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणातली गोष्ट. दुपारची वेळ, प्रवाशांनी भरलेलं दोन पंख्यांचं विमान, खाली ढगांत बुडालेले डोंगर. ते डोंगर ओलांडेपर्यंत यांनी सहा हजार फुटांवर राहायचं होतं. त्याच वेळी आसपास दुसरं एक विमान होतं आणि दोघांचे नंबर कानाला जवळजवळ सारखे. टॉवरनं त्या दुसऱ्या विमानाला सांगितलं, चार हजारांवर या. भोईट्यांना वाटलं, आपल्यालाच सांगितलं. त्यांनी "येतो" म्हणून कळवलं, त्याच क्षणी त्या दुसऱ्यानंही कळवलं. दोघं एकदम बोलल्यामुळं टॉवरला नुसती खरखर ऐकू गेली. कुणी कुणाला परत विचारलं नाही. विमान खाली जायला लागलं.

धरणेंद्रनं नंबर नीट ऐकला होता.

"सर, तो नंबर आपला होता का?"

"कान साफ करून येत जा."

"तसं नव्हे सर. मला वाटतं, टॉवरला पुन्हा एकदा विचारलं तर..."

"तुला वाटतं? विमान कोण चालवतंय?"

"आपणच, सर."

हे सगळं इंग्रजीत, बुटाला पॉलिश केल्यासारखं. मागं प्रवासी चहा पीत होते, आणि पुढं हे दोघं त्यांना अदबीनं डोंगरावर घेऊन चालले होते. धरणेंद्र मला नंतर म्हणाला, "अक्का, उंचीच्या काट्याकडं बघत मी तिसरं वाक्य जुळवत होतो. 'कृपया' कुठं घालायचं, ह्याचा विचार करत होतो." मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात ढग फाटला आणि समोर ओला, काळा कडा दिसला. त्याबरोबर इंग्रजी संपलं.

"आवं, वर घ्या की! डोंगर हाय म्होरं! वर घ्या म्हंतो न्हवं!"

ओरडतच त्यानं आपल्या बाजूचा दांडा दोन्ही हातांनी मागं ओढला. आणि भोईट्यांचे हातही आपोआप ओढायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी गावाकडच्या बोलीत कुणी ओरडलं नव्हतं. लहानपणीची ऐकायची सवय कुठंतरी शिल्लक असावी. विमान कड्याच्या वरून निघालं. मागं चहा सांडला, एक बाई रडल्या, बाकी काही झालं नाही.

उतरल्यावर भोईटे म्हणाले, "ही गावठी भाषा माझ्या विमानात चालणार नाही." आणि त्यांनी तक्रार केली.

चौकशीला तीन गृहस्थ बसले. वरिष्ठांशी बोलायची ही पद्धत आहे का, असं त्यांनी विचारलं. धरणेंद्र म्हणाला, "डोंगराविषयी विचारणार नाही का?"

"तो विषय वेगळा आहे," अध्यक्ष म्हणाले.

लेखी माफी मागेपर्यंत त्याला घरी बसवलं. तो सांगलीला आला. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो तेव्हा आप्पांनी सुरुवात केली.

"माफी लिहून दे. थोरामोठ्यांशी असं बोलतात?"

"न्हाई देणार, आप्पा."

"न्हाई?"

"बोललो म्हणून तुमच्यासमोर जेवतोय."

आप्पा ताटावरून उठले. आई घाबरली. मी धरणेंद्रला आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या पावसाळ्यात भोईट्यांना दुसरा सहवैमानिक मिळाला होता. गुणी, शांत, मुद्दाम निवडून दिलेला. ओल्या धावपट्टीवर भोईट्यांनी विमान भलत्याच वेगात उतरवलं; ते थांबलंच नाही, कुंपण तोडून जोंधळ्याच्या रानात घुसलं. प्रवाशांची हाडं मोडली, आणि त्या पोराचे दोन्ही पाय गेले. वेग जास्त आहे हे तुला दिसलं नाही का, असं त्याला चौकशीच्या साहेबांनी दवाखान्यात विचारलं.

"दिसलं होतं, सर," तो म्हणाला. "मी दोनदा खाकरलो."

भोईट्यांना कंपनीनं हार घालून निवृत्त केलं. धरणेंद्रला तारेनं परत बोलावलं. माफीचा विषय कुणी काढला नाही. सगळ्या वैमानिकांना एक पत्रक गेलं: सहवैमानिकानं शंका असल्यास ती योग्य शब्दांत निदर्शनास आणावी. योग्य शब्द कोणते, ते छापलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी सांगितले असते.

कामावर जायच्या आधी धरणेंद्र त्या पोराला भेटायला गेला. "मला सर म्हणू नकोस," असं त्याला म्हणाला. "बरं, सर," पोरगं म्हणालं.

भोईटे आता फलटणला असतात. तिकडच्या कुठल्या साखर कारखान्यावर त्यांना संचालक केलंय, आणि शाळाशाळांतून ते शिस्तीवर भाषणं देतात. हे मी धरणेंद्रला सांगितलं तेव्हा तो ओसरीवर शेंगा फोडत बसला होता.

"कारखाना उडत न्हाई, तेवढं बरं हाय," तो म्हणाला, आणि शेंगांची परात माझ्याकडं सरकवली.