भक्‌

माझी जुनी गाडी बोईसरच्या पुलावर चढताना मिसिंग मारायची. इंजिन मधेच एक ठोका गाळायचं आणि गाडी गचका खायची. बेटेगावजवळच्या गॅरेजात नेली की मात्र शहाण्या मुलीसारखी चालायची. तिथला मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधी स्टुलावर बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आता तुमी करून दाखवा."

म्हणजे आवाज. टेम्पोवाले चहा पीत बघत असायचे आणि कारखान्यात चार माणसांवर डाफरणारा मी तिथे उभा राहून "घुर्र, घुर्र, भक्‌" करायचो.

"नाय, नाय. घाई करताय. पुलाचा चढ आठवा."

मी चढ आठवून, खांदे हलवून पुन्हा करायचो.

एकदा तो ताडकन उठला. एकेका प्लगची वायर काढून बघत तिसरीशी थांबला. "फाटलीय. तुमचा भक्‌ बरोबर हाय, साहेब." प्रमोशन मिळालं तेव्हाही मी इतका फुललो नव्हतो.

तेव्हापासून एखाद्या गिऱ्हाइकाला आवाज करून दाखवता आला नाही, की मेकॅनिक मला फोन लावतो. "साहेब, यांना जरा भक्‌ ऐकवा." मी मीटिंगमधून बाहेर जाऊन ऐकवतो. मेहुणीच्या साखरपुड्यात, केळव्याला, नारळाच्या झाडाआड उभं राहून ऐकवला.

गाडी मी कधीच विकून टाकली. त्याला मात्र सांगितलेलं नाही. गाडीच नाही म्हटल्यावर माझ्या आवाजावर कोण विश्वास ठेवील?