पाच नंबरची पिवळी रेघ

उत्तरेकडच्या डोंगरात माझी पोस्टिंग अडीच वर्षं होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. आमच्या वर्कशॉपकडे सात ट्रक होते आणि त्या सातही इंजिनांचा हिशेब माझ्या डोक्यात असायचा. सकाळी ०५३० ला स्टार्ट, ०६०० ला रोल, १५०० वाजता परत आलेल्या गाड्यांचं इन्स्पेक्शन. थंडी अशी की पाना उघड्या हाताने धरला तर कातडी त्याला चिकटायची.

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. फौजेत तो गुण मानला जायचा. नट घट्ट केला असं कोणी सांगितलं तर मी स्वतः पाना लावून बघायचो. टॅपेट सेट केले की लॉकनट आणि स्क्रू यांच्यावरून ब्रशने पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचो. मधे कोणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटते आणि चोर सापडतो. ही माझी पद्धत होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

याला कारणही होतं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली केसाएवढी फट. फट जास्त झाली तर इंजिन खटखट करतं, पण चालतं. फट कमी झाली तर इंजिन गोड चालतं आणि व्हॉल्व्ह जळतो. ड्रायव्हर लोकांना गोड आवाज हवा असतो. त्यामुळे ते लपूनछपून स्क्रू आवळायचे.

लान्स नायक रामलाल साहू अशा ड्रायव्हरांपैकी आहे, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. तो नंदिनी नगरजवळच्या गावचा, मी भिलाईचा. सुटीत दुर्गपर्यंत एकाच डब्यातून यायचो. मला उस्ताद म्हणायचा. गाडी पुसायचा, तिच्याशी बोलायचा, आवाज जरा बदलला की धावत यायचा. त्याचा हा लळाच मला खटकायचा.

एके दिवशी १५१० वाजता तो परत आला. म्हणाला, "उस्ताद, चढ़ाई पर दम नहीं पकड़ रही."

मी टॅपेट कव्हर उघडलं. पाच नंबरच्या व्हॉल्व्हवरची पिवळी रेघ बरोबर सांध्यावर तुटलेली होती.

"कव्हर किसने खोला?"

"किसी ने नहीं, उस्ताद."

"तूने?"

"मैंने हाथ नहीं लगाया. कसम से."

"झूठ मत बोल."

 मी तो स्क्रू सैल केला, नव्याने सेट केला, नवी रेघ ओढली आणि सरळ सुबेदारसाहेबांकडे गेलो. साहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि हुकूम दिला की रामलालला त्या गाडीवरून उतरवा, उद्या तो टेल व्हेइकल, म्हणजे ताफ्यातली शेवटची गाडी नेईल. रामलाल सगळ्या ड्रायव्हरांसमोर सावधान उभा होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ०६०० ला कॉन्व्हॉय निघाला. ०९४० ला वायरलेस सेटवर आवाज आला, "दरड. दरड आली."

"टेल व्हेइकल, रिपोर्ट."

उत्तर नाही.

"टेल व्हेइकल, टेल व्हेइकल, रिपोर्ट. ओव्हर."

सेट नुसता खरखरत राहिला. सहा गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. सातवी दगडांखाली होती. रामलालला बाहेर काढायला आम्हाला १६२० वाजले.

त्याची जुनी गाडी परत आली तेव्हाही चढावर दम धरत नव्हती. फिल्टरमध्ये डिझेल थिजून बसलं होतं. ते मी साफ केलं. तरी स्वतःला समजावलं की फिल्टर आणि टॅपेट, दोन्ही कारणं असतील.

मी त्याच्याच भागातला म्हणून त्याच्या पार्थिवासोबत गावी मलाच पाठवलं. अंत्यविधी झाल्यावर त्याच्या मोठ्या भावाने, मनहरणने विचारलं, "साहब, चिट्ठी में तो दूसरी गाड़ी का नंबर लिखता था. इसमें कैसे बैठा?" शेजारी म्हातारे वडील बसले होते. तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "इंजिन से छेड़छाड़ की थी. इसलिए गाड़ी बदली गई." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

पुढे मी रिटायर झालो. भिलाई-३ मध्ये रेल्वे लाइनच्या अलीकडे घर घेतलं आणि लिलावातली एक जुनी जीप. कुसुम, माझी बायको, त्या जीपला माझी दुसरी बायको म्हणते. दर सहा महिन्यांनी सकाळी इंजिन गार असताना मी अंगणात टॅपेट सेट करतो. हँडलने इंजिन फिरवायचं आणि नऊची बेरीज धरायची. एक नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की आठचा सेट करायचा, चारचा दाबला गेला की पाचचा. फटीत फीलर गेजची ठरावीक जाडीची पात घालायची. ती किंचित अडत सरकली की माप बरोबर. मग लॉकनट, मग रेघ. गेटला लावून उरलेला पिवळा रंग त्या कामाला येतो.

शेजारी वानखेडे. लोको शेडमधले रिटायर फिटर. वीस वर्षं सकाळचा चहा ते आमच्याकडे पितात. या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते म्हणाले, "हवालदार, जीप लय खटखट करून राहिली. टॅपेट जरासे टाइट करून टाका ना."

मी ते वाक्य लक्षात ठेवलं. पंधरा दिवसांनी कव्हरमधून तेल झिरपू लागलं म्हणून उघडलं. पाच नंबरची रेघ सांध्यावर तुटलेली. माझं डोकंच फिरलं. जीप दोन्ही घरांच्या सामाईक अंगणात उभी असते. पाने वानखेडेंकडे आहेत, हाताला सराव आहे आणि वरून आवाजाची तक्रारही त्यांचीच. मी तसाच काळ्या हातांनी त्यांच्या दारात गेलो.

"माह्या इंजिनाले हात कावून लावला?"

"कोनं लावला?"

"तुमी."

वानखेडे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "गेज घालून पाह्यलं काय?"

"गेजचं काम नाई. रेघ तुटली हाय."

"बरं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चहाला येणं बंद.

कुसुम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमाले साऱ्यायचाच संशय येते. उद्या म्हनान, मीच स्क्रू फिरवला."

खरं सांगतो, तेही मनात येऊन गेलं होतं.

मी आठही व्हॉल्व्ह पुन्हा सेट केले, आठ नव्या रेघा ओढल्या. बॉनेटला कडी बसवली आणि सिविक सेंटरच्या बाजारातून आणलेलं कुलूप लावलं. किल्ली जानव्याला. रोज सकाळी आधी कुलूप बघायचो, मग तोंड धुवायचो. वानखेडे अंगणातून जाताना मान वळवून जायचे. मला वाटायचं, बघा, मनात खोट आहे.

महिन्याभराने कुलूप उघडलं. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. कव्हर काढलं. पाच नंबरची रेघ तुटलेली. दोन नंबरचीही.

किल्ली माझ्या गळ्यात होती. संशय घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. म्हणून, फक्त म्हणून, मी गेज उचललं. चारचा व्हॉल्व्ह दाबून पाचच्या फटीत पात घातली. ती किंचित अडत सरकली. माप बरोबर. दोन नंबरचंही तसंच. स्क्रू तसूभर हलला नव्हता. इंजिन तापतं, गार होतं, तापलेल्या तेलाचे शिंतोडे उडतात, आणि रंग सांध्यावर आपोआप तडकतो. भिलाईत तडकतो. मग त्या थंडीत काय होत असेल?

मी मडगार्डला टेकून उभा राहिलो. रामलाल तक्रार घेऊन आला त्या दुपारी गेज माझ्या वरच्या खिशात होतं. ते फटीत घालायला दोन मिनिटं लागली असती. मी न मोजताच स्क्रू सैल केला, म्हणजे रामलालचा एकमेव पुरावा माझ्याच हाताने पुसला. मला रडू आलं. कुसुम बाहेर आली आणि तिने माझ्या हातातलं गेज काढून घेतलं.

मी वानखेडेंचं दार वाजवलं. सगळं सांगितलं, त्यांचं आणि रामलालचंही. 

"आमच्या शेडमंदी पेंट असाच सुटते," ते म्हणाले. "म्हनूनच इच्यारलं होतं तुमाले, गेज घातलं काय म्हनून."

"चुकलो, भाऊ."

"माह्याजवळ कबूल करून काय होते? त्या पोट्ट्याच्या घरी जा. चाला, मी येतो संग."

नंदिनी नगरच्या पुढे त्याचं गाव. जीप खटखट करत गेली, वानखेडे शेजारी बसले होते. मनहरण आता साठीचा आहे. त्याने ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं. मी बसलो नाही. उभ्यानेच, रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. "रामलाल ने इंजिन को हाथ नहीं लगाया था. मैंने बिना नापे इल्ज़ाम लगाया. गाड़ी मेरी वजह से बदली."

त्याने खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं.

"पंद्रह अगस्त को स्कूल वाले हर साल बाबूजी को बुलाते थे, साहब. शहीद का बाप करके. बाबूजी कभी नहीं गए. कहते थे, किस मुँह से जाऊँ." त्याने गमछा पुन्हा खांद्यावर टाकला. "चार बरस हो गे, बाबूजी नइ रहिन."

 वानखेडेंनी माझ्या दंडाला धरलं.

"इस बार मैं जाऊँगा," मनहरण म्हणाला. "आप भी आना. वहाँ सबके सामने बोलना, जैसे अभी बोले."

मी गेलो. मुलं रांगेत उभी होती. झेंडा वर गेल्यावर हेडमास्तरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी सावधान उभा राहिलो आणि जेवढं बोललो तेवढंच इथे लिहितो.

लान्स नायक रामलाल साहू, ड्रायव्हर. टेल व्हेइकल चालवताना दरडीखाली गेला. त्या गाडीवर तो माझ्या खोट्या आरोपामुळे होता. त्याने इंजिनाला हात लावला नव्हता.