वावधन आणि अक्कांचा डोळा

मी जळगावची. स्लॅबच्या घरात वाढले. वैशाखात वादळ आलं की गच्चीवरचे कपडे काढायचे, वाळत घातलेल्या कुरडया उचलायच्या आणि खिडक्या लावून आतून गंमत बघत बसायचं, एवढीच आमची तयारी. लग्न होऊन धुळ्याजवळच्या सोनगीरच्या पलीकडच्या खेड्यात आले, तेव्हा कळलं की वाऱ्यासाठीसुद्धा महिना-महिना आधीपासून राबावं लागतं. माहेरी हे सांगितलं तर माझी बहीण हसत सुटली. म्हणाली, "वाऱ्याचं केळवण करता की काय तुम्ही?"

रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे, दुपार कलली की डोंगराच्या अंगाने धुळीचा लोट उठायचा आणि बघता बघता गावावर यायचा. त्याला सगळे वावधन म्हणत. पाऊस आला तर मागून, नाही तर नुसताच वारा. आमचं घर धाब्याचं, म्हणजे लाकडांवर माती थापून केलेल्या सपाट छपराचं. त्याला वाऱ्याचं काही वाटत नसे. पण पुढची ओसरी पत्र्याची होती आणि मागचा गोठाही पत्र्याचा. सगळा जीव त्या पत्र्यांत अडकलेला.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे फार लवकर गेले होते. नवरा ट्रकवर, आज इंदूर तर उद्या भिवंडी. त्यामुळे घराचं दार, छप्पर, म्हैस आणि सून असं सगळं अक्कांच्या ताब्यात होतं, आणि त्यात माझा नंबर साधारण म्हशीच्या नंतरचा होता. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला हाक मारून मदत मागितली नव्हती. "वारा काय ईचारीसन येस का? मंग आपुन कोनी वाट कसाले देखानी?" असं आपल्या अहिराणीत म्हणायच्या आणि पदर खोचायच्या.

होळी झाली की त्या अंबाडीचा वाख काढून दोर वळायला बसायच्या. मग धाब्याच्या भेगा खाऱ्या मातीने बुजवायच्या, पन्हाळं साफ करायची, सरपण आणि गोवऱ्या आत घ्यायच्या, ज्वारीच्या कोठीत निंबाचा पाला घालायचा. वादळात तारा तुटल्या की आठ-आठ दिवस वीज येत नसे आणि वीज नाही म्हणजे नळही नाही. म्हणून रांजण काठोकाठ भरलेले लागत, घासलेटचा डबा भरलेला लागे आणि कंदिलाच्या काचा राखेने घासून ठेवलेल्या. बिबड्यांचे म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, शेवयांचे डबे तर होतेच. शेजारचे नाना म्हणायचे, "अक्का, वावधन येवानं शे का लढाई?" नानांच्या स्वतःच्या पत्र्यावर मोठमोठे दगड ठेवलेले असत. त्याकडे बोट दाखवून अक्का म्हणायच्या, "छप्परवर दगड ठेवना म्हंजे यमले भाडानी खोली देनी."

अक्का दगड ठेवत नसत. खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायच्या, दोन-दोन गोण्या दोराने जोडायच्या आणि गाढवाच्या पाठीवर ओझं टाकतात तशा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या सोडायच्या. शिवाय पत्र्यावरून आडवे दोर टाकून खाली खुंट्यांना बांधायचे. पण अंबाडीचा दोर उन्हात ढिला पडतो. म्हणून वावधन दिसलं की बाहेर जाऊन प्रत्येक दोरात काठी घालून शेवटचा पीळ द्यावा लागे. तोंडावर धूळ बसत असताना, पदर उडत असताना अक्का हे काम करायच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अक्कांकडे बघूनच कोणाला तरी सुचलं असावं.

मला मुलगी झाली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मुलीला मी उन्हाळ्यापुरतं जळगावला आईकडे ठेवलं होतं, कारण अक्कांच्या डोळ्यांनी आता काम थांबवलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनच त्यांना अंधुक दिसायचं. सगळे म्हणायचे, पिकू द्या, पिकला की काढता येईल. अक्कांना ते सोयीचंच होतं. हिवाळ्यात कापूस वेचायचा असे, उन्हाळ्यात वाऱ्याची तयारी, पावसाळ्यात कोण डोळे कापून घेतं? असं करत तो इतका पिकला, की डोकं ठणकायला लागलं आणि शेवटी नवरा त्यांना धुळ्याला घेऊन गेला. मीही सोबत होते.

डॉक्टर म्हणाले, "आजी, आणखी थांबलात तर डोळ्याचं पाणी होईल. उजवा लगेच करू. डाव्याचं मग बघू."

अक्का म्हणाल्या, "पहिले घर बांधसू, मंग डोळा."

घर बांधायचं म्हणजे दोरांनी, हे डॉक्टरांना कसं कळणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला एकदम राग आला. डॉक्टरांचा नाही, त्या घराचा. मी म्हटलं, "घर मी बांधते, अक्का. तुम्ही नुसतं सांगा."

"तू? तुले गाठ मारता येस का?"

"येते की. परकराच्या नाडीची."

त्या हसल्या नाहीत, पण नाही असंही म्हणाल्या नाहीत. परत आल्यावर अंगणात बाजेवर बसून त्यांनी मला राबवलं. मी धाब्यावर माती पसरायची आणि त्या खालून विचारायच्या, "पाय धसस का? मंग आखो टाक." गोण्या मी भरायच्या आणि त्या चाचपून म्हणायच्या, "हाई गोनी उपाशी शे." दोर बांधून झाले की हाताने प्रत्येक गाठ ओढून बघायच्या. निम्म्या गाठी सुटायच्या. हाताला फोड आले, ते मी त्यांच्यापासून लपवले, कारण कौतुक मिळणार नाही हे मला माहीत होतं. सगळं झाल्यावर त्यांनी घराभोवती भिंत चाचपत एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "चाल आते धुयाले." धुळ्याला चल, हेच त्यांचं शाबास.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी आली आणि सोबत बंधनांची माळ. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही. डोळ्यात टाके आहेत, झटक्याने उठाल तर टाका तुटेल. आणि धूळ तर अजिबात नको. वैशाख संपत आलेला, आणि धुळीपासून कोणाला जपायचं तर सोनगीरकडच्या गावात! दवाखान्यातून घरी सोडलं, तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोळा आता माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे." असलं बोलून ते मोकळे झाले.

मी मधली खोली त्या डोळ्यासाठी तयार केली. जमीन ताज्या शेणाने सारवली, झरोक्यात चिंध्या कोंबून वरून माती लिंपली, दाराला गोणपाट लावलं आणि ते रोज भिजवत राहिले. अक्का आत उताण्या पडून असायच्या. ज्या बाईने दिवसा कधी पाठ टेकली नाही, तिला असं निजलेलं बघणं माझ्याच्याने होत नसे. त्या आतून विचारायच्या, "म्हैसले पानी दिधं का? आभाय कसं शे?" मी प्रत्येक वेळी सांगायची, "निळं आहे."

एका दुपारी मी सांगितलं, "निळं आहे," आणि त्याच वेळी पलीकडून नानांची आरोळी आली, "वावधन उनं व पोरी!"

मी काठी घेऊन बाहेर धावले. डोंगर दिसेनासा झाला होता. गोठ्याच्या दोरांना कसाबसा पीळ दिला. ओसरीचा पहिला दोर कसला. कोपऱ्याचा दोर तेवढा राहिला होता, तोच ढिला. त्याच्याकडे वळले आणि आतून बाज करकरल्याचा आवाज आला. दारातून बघते तर अक्का उठून बसलेल्या, एक हात भिंतीवर, पाय खाली सोडलेले.

"कोपराना दोर ढिला शे! पत्रा वाजी ऱ्हायना! माले देख, मी येस!"

त्या येणारच होत्या. मला शंकाच नव्हती. मी बाहेर राहिले असते, तर त्या माझ्या मागे त्या धुळीत येऊन उभ्या राहिल्या असत्या, पट्टी बांधलेल्या, दोर चाचपत. मी काठी टाकली, आत आले, दाराला आडणा घातला, गोणपाट सोडलं. त्यांना खांद्याला धरून हळूच आडवं केलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझा पदर त्यांच्या तोंडावर दुहेरी धरला.

"सोड माले. पत्रा जाई."

"जाऊ दे."

"अव पत्रा जाई!"

"जाऊ दे ना अक्का! पत्रा गेला तर नवा आणू. डोळा कुठून आणायचा मी?"

मी त्यांच्यावर ओरडले होते. आमच्या घरात त्यांच्यावर कोणी ओरडत नसे. बाहेर कोपऱ्याचा पत्रा आधी थडथडला, मग किंचाळल्यासारखा आवाज करून निघाला, भिंतीवर आदळला आणि आवाज दूर दूर गेला. अक्कांनी माझं मनगट धरलं होतं. सासऱ्यांनी हाताने ठोकलेला पत्रा होता तो. माझ्या पदराखाली त्यांचा श्वास हलायला लागला.

"अक्का, रडायचं नाही. टाके आहेत."

"मंग काय करू?"

"शिव्या द्या."

आणि त्यांनी दिल्या. उताण्या पडून, अंग न हलवता, अगदी हळू आवाजात त्यांनी वाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही, कारण माझी नातवंडं वाचतील. मला हसू येत होतं आणि हसताना मांडी हलू नये म्हणून मी ओठ चावत होते. मी त्यांच्यावर इतकी माया करते, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. त्याआधी मी नुसती त्यांना भ्यायची.

वारा ओसरला. मधल्या खोलीत बोटाला लागेल इतकीही धूळ नव्हती. मी हात धुऊन औषधाचे थेंब घातले. डोळा लाल होता, पण तो कशाने लाल आहे हे मला काय कळणार? रस्त्यावर झाडं पडून एस. टी. बंद झालेली. त्या दिवसांत मी रोज सकाळी पट्टी सोडताना देवाला हात जोडायची आणि मगच बघायची. हळूहळू लाली उतरत गेली.

नवरा परत आला, त्याने ओसरीचा उघडा कोपरा बघितला. "एवढं सगळं बांधलं आणि शेवटचा पीळ राहिला होय?" म्हणाला. वाईट हेतूने नव्हे, पण मला लागलं. मी अक्कांकडे बघितलं. वाटलं, आता तरी त्या काही बोलतील. त्या बोलल्या नाहीत. पत्रा नानांच्या बांधावर सापडला होता, कागद चुरगळावा तसा. नवऱ्याने कोपऱ्यावर ताडपत्री टाकली. पाऊस सुरू झाला, ताडपत्री गळायला लागली. रात्रंदिवस ओसरीत ठेवलेल्या पातेल्यात थेंब वाजायचे. अक्का ते आतून ऐकायच्या. घरातली एक कडी वाजली तरी बोलणारी बाई पत्र्याबद्दल मात्र चकार शब्द काढेना. मी मनाशी ठरवून टाकलं, की हे त्यांनी माझ्या खात्यावर कायमचं मांडलंय. ओरडले होते ते वेगळंच.

आषाढात डॉक्टरांनी टाके काढले आणि नंबर तपासायच्या लोखंडी चौकटीत जाड काचा घालून ती अक्कांच्या नाकावर ठेवली. भिंतीवरची अक्षरं अक्कांना वाचता येत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "समोर कोण दिसतंय?"

काचेमागे त्यांचा डोळा वाटीएवढा झाला होता. तो माझ्यावर बराच वेळ थांबला. मग त्या म्हणाल्या, "हाई तं सावयी शे व! देखाले गयतू तव्हय गोरी दिसनी व्हती."

सून सावळी निघाली म्हणून सगळी खोली हसली. मीही हसले, थोडी चिडून. डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारून बघत होते. म्हणाले, "छान भरलाय. त्या वादळानंतर माझे कितीतरी पेशंट डोळे खराब करून आले. आजी, तुम्ही काय केलंत तेव्हा?"

अक्कांनी चौकट हाताने सावरली.

"मी काय करसू? हिनी करं. मना घरधनीना हातना पत्रा व्हता, तो जाऊ दिधा हिनी. सारी जिंदगी मनी घर धराम्हा गयी, डॉक्टरसाहेब. माले कोनी धरं नव्हतं. हिनी धरं."

डॉक्टर मूळचे तिकडचे नसावेत. त्यांना अहिराणी नीट कळली नाही. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतायत आजी?"

मला सांगता येईना.